एका तासाची माणसं

"उभं राहायचं तर दिसेल असं उभं राहायचं, नाहीतर घरी बसायचं."

एव्हरिल ड्रूरी हे कुठेही म्हणायची. शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा रांगेत एकमेकांमागे लपणाऱ्या पोरांना म्हणायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर अंग चोरून बसणाऱ्या नवऱ्याला म्हणायची. तो गेला, त्याला पुरलं त्या दिवशी त्याचे भाऊ कबरीपासून लांब झाडाआड घुटमळत होते, त्यांनाही तिने सगळ्यांदेखत हेच ऐकवलं.

हे तिच्याकडे आजोबांकडून आलं होतं. आजोबा मेंढपाळ. त्यांच्या तरुणपणी मे महिन्यात बाजाराच्या गावी चौकात माणसं उभी राहत. ज्याला शेतावर काम हवं तो आपल्या कामाची खूण घेऊन उभा राही. मेंढपाळाच्या टोपीत लोकरीचा पुंजका, गाडीवानाच्या टोपीत चाबकाच्या दोरीचा तुकडा, घरकामाच्या पोरीच्या हातात फडकं. मालक येत, दंड चाचपत, भाव करत, आणि जमलं की हातावर एक नाणं ठेवत. नाणं घेतलं की माणूस वर्षासाठी बांधला गेला. त्याच्याबरोबर मालकही बांधला जाई, हे लोक विसरतात. पाऊस पडो, मेंढ्या मरोत, वर्षभर त्या माणसाला भाकरी आणि अंथरूण द्यावंच लागे.

आणि संध्याकाळी जे उरत, ते चौकातच उभे असत. दिवे लागत, पण ते हलत नसत. त्यांना सगळं गाव बघे, पाद्री बघे, पोलीसही बघे. किती जण बिनकामाचे राहिले हे सांगायला कुणा हुशार माणसाची गरज नव्हती. एका वर्षी आजोबाही उरले होते. ते म्हणत, लाज वाटली खरी, पण कुणी मला कामावर आहेस असं तरी म्हणालं नाही.

आमचं स्केलथॉर्प समुद्रापासून थोडं आत, सपाट, काळ्या मातीचं. इथे जमीन पाण्याच्या खाली आहे आणि माणसं जमिनीच्या. गावामधून मोठा चर जातो. त्याचं पाणी समुद्राकडे ढकलणारा पंप माझ्या ताब्यात होता. पंपघराच्या पायरीवर बसलं की समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे भाज्यांच्या शेडचं गेट. म्हणून जे सांगतो ते ऐकीव नाही.

त्या शेडमध्ये कोबी, फ्लॉवर, लीकच्या जुड्या सोलून, धुऊन, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या दुकानांकडे जातात. शाळा बंद पडली तेव्हा एव्हरिल तिथे लागली. गावात दुसरं होतं काय? करार शून्य तासांचा. म्हणजे शेड तुम्हाला एकाही तासाच्या कामाचं वचन देत नाही, आणि तुम्ही मात्र फोन उशाशी घेऊन झोपायचं. संध्याकाळी मेसेज यायचा, उद्या सहा ते दोन. किंवा यायचा, उद्या काही नाही. किंवा यायचाच नाही, आणि पहाटे साडेपाचला फोन वाजायचा, "येतेस ना?" नाही म्हणायची सोय कागदावर होती. एकदा नाही म्हटलं की तुमचं नाव खाली सरकायचं. किती खाली, हे फक्त सुपरवायझर डंकनला माहीत.

नाताळच्या आधी शेड रात्रंदिवस चाले. जानेवारीत सगळं थंड पडे. मग माणसं घरात बसत आणि फोनच्या त्या काळ्या चौकोनाकडे बघत. गावात कुणी शहरात जात नसे, कारण शहरात असताना मेसेज आला तर? कुणी दुसरं काम शोधत नसे, कारण शोधायला गेलो आणि डंकनने बोलावलं तर? आणि पबमध्ये कुणी विचारलं तर प्रत्येक जण एकच उत्तर देई, "शेडवर आहे." काम नाही असं आमच्याकडे म्हणत नाहीत. बायको सोडून गेली असं सांगतील, मूळव्याध झाली असं सांगतील, पण काम नाही असं सांगणार नाहीत.

एव्हरिलचा धाकटा भाऊ क्लाइव्ह तर त्यात सगळ्यांच्या पुढे. एके काळचा गवंडी. बांधकामं थांबली, संसार मोडला, तेव्हापासून बहिणीच्या घरी राहत होता आणि तिच्यासारखाच शेडमध्ये जात होता. दिसायला दांडगा, पण आतून काचेचा.

त्या जानेवारीत सरकारी मोजणीची एक बाई एव्हरिलच्या घरी आली. मी अंडी द्यायला गेलो होतो, तर ती आधीच टेबलाशी बसलेली. बिचारीचे बूट ओले होते. एव्हरिलने चहा ठेवला, पण चेहरा असा की चहात साखर घालायची हिंमत होऊ नये.

"मागच्या आठवड्यात, रविवारपर्यंत, तुम्ही पगारी काम केलंत का? एक तास जरी असेल तरी चालेल."

"शुक्रवारी बोलावलं होतं. मशीनचा पट्टा बिघडला. तासाभरात हाकललं घरी."

"म्हणजे हो."

"म्हणजे काय हो?"

"तुम्ही कामावर आहात."

"अगं, मी कुठे आहे ते बघ की. तुझ्यासमोर बसलीये. अकरा वाजलेत, सोमवार आहे, आणि माझ्या पायात घरातल्या चपला आहेत."

बाई हसली. तिला हे नवीन नसावं. "नियम असा आहे, मिसेस ड्रूरी. तासभर काम केलं की माणूस कामावर धरतात."

"आणि तो तासही मिळाला नसता तर?"

"शेडमध्ये तुमचं नाव आहे ना? परत बोलावतील ना?"

"त्यांच्या मनात आलं तर."

"मग तुम्हाला नोकरी आहे. त्या आठवड्यात फक्त तुम्ही तिथे नव्हतात."

एव्हरिल माझ्याकडे वळली. "ऐकलंस? माझी नोकरी कामावर आहे. मीच तेवढी घरी राहिलीये."

"तुम्हाला जास्त तास हवे आहेत का, हेही मी विचारते," बाई समजुतीने म्हणाली. "त्याचा वेगळा आकडा असतो."

"तो कोण वाचतं?"

बाईने हातातला कागद सरळ केला. "छापला जातो," ती म्हणाली.

मग तिने क्लाइव्हला विचारलं, कारण घरातल्या सगळ्यांना विचारायचं असतं. तो खिडकीशी पाठ करून उभा होता.

"तुमचा करार कसला आहे?"

"कायमचा."

"क्लाइव्ह," एव्हरिल म्हणाली, "तुझा करार शून्य तासांचा आहे. माझा आहे तोच."

"तो पोराटोरांना देतात. मला नऊ वर्षं झाली. मी कायमचा माणूस आहे."

"मागच्या आठवड्यात किती दिवस गेलास?"

"एव्ही, बाहेरच्या माणसासमोर तोंड आवर."

"मला जे सांगतात ते मी लिहिते," बाई हळूच म्हणाली. आणि तिने लिहिलं. त्या आठवड्यात ज्या दोन माणसांना मिळून एका तासाचं काम मिळालं होतं, ती दोघंही कामावर होती, आणि त्यातला एक कायमचा होता.

मला त्या बाईचा राग नव्हता. राग त्या फूटपट्टीचा होता. ज्याने ती बनवली त्याच्या डोळ्यासमोर गिरणी असणार, भोंगा असणार, आठवडाभर राबणारी माणसं असणार. अशा जगात तासभर काम करणारा माणूस क्वचितच सापडतो, तो या बाजूला धरला काय नि त्या बाजूला काय. पण आमच्याकडे सगळं गावच त्या फटीत राहायला गेलं होतं. माझ्या चरात पाणी किती हे बघायला खांबावर रेघा आहेत. उद्या कुणी सांगितलं की एक थेंब असला तरी चर भरलेला लिहा, तर मी त्याला चरात ढकलीन आणि मग विचारीन.

हे सगळं नुसत्या आकड्यावर राहिलं असतं तर एव्हरिलने शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण त्याच महिन्यात बस बंद करायचं निघालं.

पहाटे पहिली बस आमच्याकडून शहरात जायची. शहरात काम शोधणाऱ्यांसाठी म्हणून जिल्ह्याने ती चालवली होती, आणि एव्हरिलला ती हवी होती. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या निवासात स्वयंपाकीण पाहिजे होती. तिथल्या बाईने एव्हरिलच्या हातचं जेवण कधी काळी शाळेत खाल्लेलं. ती म्हणाली होती, एप्रिलपासून ये, पक्की नोकरी, पण सातला चूल पेटली पाहिजे. एव्हरिलला गाडी चालवता येत नव्हती. बस असेल तर नोकरी. बस नसेल तर डंकन आणि त्याचा फोन.

गावच्या सभागृहात बैठक झाली. जिल्हा कौन्सिलवरच्या लँग्रिजबाई आल्या. नीटनेटक्या, आवाज गोड, गळ्यात रेशमी रुमाल.

"या भागात बेकारी इतकी कमी कधीच नव्हती," त्या म्हणाल्या. "ही आनंदाची गोष्ट आहे. ही बस काम शोधणाऱ्यांसाठी होती. शोधणारेच उरले नाहीत. ती रिकामी धावते."

"रिकामी धावते कारण आम्ही फोनपाशी बसलेलो असतो," एव्हरिल उठून म्हणाली. "हालता येत नाही आम्हाला. कुत्र्याला निदान साखळी दिसते."

मागे कुणीतरी हसलं. क्लाइव्हने मान खाली घातली.

"तुमच्या भावना समजतात मला," लँग्रिजबाई म्हणाल्या. "पण माझ्यासमोर आकडे आहेत. या गावात बिनकामाची माणसं आहेत म्हणता, तर कुठे आहेत ती? मला दिसत नाहीत."

"दाखवते."

"जरूर दाखवा. शेडच्या नव्या शीतगृहाच्या उद्घाटनाला मी येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता येतेय. तेव्हा दाखवा. मला माझ्या डोळ्यांनी दिसली, तर बसचा निर्णय मी स्वतः थांबवीन. सगळ्यांसमोर शब्द देते."

एव्हरिलच्या स्वयंपाकघरात त्या रविवारी वीसेक माणसं कोंबली होती. टेबलावर मनुक्यांचा पाव, लोण्याचं भांडं, आणि चहाचे कप इतके की काही जणांना बरणीतून प्यावं लागलं. एव्हरिलने आजोबांच्या चौकाची गोष्ट सांगितली, आणि मग म्हणाली, "तसंच उभं राहायचं. फलक नाही, घोषणा नाही. हातात आपल्या कामाची वस्तू. ज्याला जे येतं ते. गेटसमोर, रस्त्याच्या कडेने, एका रांगेत."

"मला बियर पिता येते," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "ग्लास आणू का?"

"रिकामा आण. तुझं काम झालंय हे त्यांना कळेल."

हशा पिकला. मग हळूहळू एकेक जण सांगू लागला. एकाला वेल्डिंग येत होतं, एकीने केस कापायचं दुकान चालवलं होतं. रासा नावाची लिथुआनियाची बाई होती, आमच्यात राहून आमच्यासारखीच बोलायला लागलेली. ती म्हणाली, "मी शिंपीण आहे. लग्नाचे कपडे शिवायचे मी. सात वर्षं कोबीची पानं सोलतेय. मोठी कात्री आहे माझ्याकडे, आईची."

"ती आण," एव्हरिल म्हणाली. "आणि क्लाइव्ह, तुझी थापी."

क्लाइव्ह दाराला टेकून उभा होता. "मी काही बेकार नाही."

"नाहीस ना. मग थापीला गंज का चढलाय?"

"सगळ्यांसमोर काढू नकोस एव्ही, सांगून ठेवतो."

"मग कधी काढू? तू एकटा असतोस तेव्हा तू फोनकडे बघत असतोस."

क्लाइव्ह दाराची कडी वर-खाली करत राहिला. बाकीचे चहात बघत राहिले. शेवटी म्हणाला, "येतो. पण बोलणार नाही काही."

"बोलायचं नाहीच आहे. दिसायचंय."

त्या दिवशी निघताना माणसं ताठ चालत होती. मी पायरीवरून पाहिलं. बांधावर ऊन होतं, चरातलं पाणी निळं दिसत होतं, आणि मला वाटलं, होईल. मलाही वाटलं.

बुधवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, सगळ्यांचे फोन एकदम वाजले. गावभर. पबमध्ये तर एका वेळी इतके वाजले की मालक दचकला.

उद्या नऊ ते दहा. सर्वांनी यावे.

नऊ ते दहा. एक तास. तीन आठवडे ज्या शेडला माणूस नको होता तिला अचानक सगळी माणसं हवी होती, आणि तीही तासभरच. डंकनच्या कानावर ही गोष्ट कुणी घातली ते मला माहीत आहे, पण त्या माणसाचं नाव लिहून मी कागद घाण करणार नाही.

मी एव्हरिलकडे गेलो. ती आणि क्लाइव्ह टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते, मध्ये त्याचा फोन.

"जाणारेस?" तिने विचारलं.

"एक तास तर आहे."

"एक तासच आहे म्हणून विचारतेय. दुपारी बोलावलं असतं तर मीही गेले असते. त्यांना आपण गेटच्या आत हवे आहोत, ती लँग्रिज येईल तेवढा वेळ. आपल्या अंगावर पांढरे कोट घालून ते आपल्याला दाखवणार, आणि दहाला फुंकून टाकणार."

"नाही गेलो तर नाव खाली जाईल."

"आत्ता कुठे आहे? छपरावर?"

"तुला शहरातली नोकरी आहे!" तो ओरडला. "तुला कुणीतरी बोलावतंय. मला कोण बोलावतंय? माझ्याकडे हाच आहे," आणि त्याने फोन टेबलावर आपटला. "हा वाजतो तेव्हा मी माणूस असतो. कळलं? तू मला तिथे थापी घेऊन उभा करणार, आणि सगळं गाव बघणार की क्लाइव्हला कुणी विचारत नाही."

"सगळ्या गावाला माहितीये ते."

हे तिने बोलायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं. क्लाइव्ह उठला, फोन उचलला आणि जिना चढून गेला. एव्हरिलने त्याच्यामागे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "रासा येईल. बाकीचे अर्धे तरी येतील."

गुरुवारी पहाटेपासून समुद्राकडचा वारा होता. गवतावर दहिवर, चराच्या कडेला बर्फाची पातळ साय. साडेआठला एव्हरिल आली. चांगला कोट घातला होता, केस बांधले होते, आणि हातात शाळेतला मोठा डाव, ज्याने तिने दोन पिढ्यांना रस्सा वाढला. ती गेटसमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी पंपघराच्या पायरीवर होतो. ये म्हणाली असती तर गेलो असतो. पण मला पक्कं काम होतं, आणि तिला खोटी माणसं नको होती.

मग ते येऊ लागले. घोळक्याने. तिच्या अगदी जवळून जावं लागत होतं, कारण रस्ता तेवढाच. कुणी बुटांकडे बघत गेलं. कुणी फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं. बियरवाला "थंडी आहे, एव्हरिल," म्हणाला, आणि तिने उत्तर दिलं, "आत ऊब असेल. तासभर." केस कापणारी रडत होती, पण गेली. रासा थांबली. तिच्या पिशवीतून कात्रीचं टोक दिसत होतं.

"एव्हरिल, माझं घरभाडं..."

"जा."

"मी दहाला येते. दहाला लगेच येते."

"ती कौन्सिलवाली तोवर थांबणारे का? जा म्हटलं ना."

क्लाइव्ह शेवटी आला. सरळ, छाती काढून, कायमच्या माणसासारखा. बहिणीजवळून गेला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं, सगळा वेळ, तो आत दिसेनासा होईपर्यंत.

नऊला लँग्रिजबाईंची गाडी आली. डंकन गेटवर हजर, इस्त्रीच्या शर्टात. बाई उतरल्या, आणि त्यांना डाव घेऊन उभी असलेली एकटी बाई दिसली. मला वाटलं होतं त्या तशाच आत जातील. पण त्या तिच्याकडे गेल्या. एवढं त्यांच्याबद्दल चांगलं सांगितलं पाहिजे.

"मिसेस ड्रूरी ना? तुम्ही माणसं दाखवणार होतात."

"आत आहेत."

"आत? म्हणजे काम करताहेत?"

"दहापर्यंत. दहाला बाहेर येतील, आणि पुन्हा कधी आत जातील ते या डंकनला विचारा. तेवढं थांबा. इथे, माझ्याशेजारी. जास्त नाही मागत."

लँग्रिजबाईंनी डंकनकडे पाहिलं. डंकन हसून म्हणाला, "आज सगळ्यांना बोलावलंय, बाई. यांनाही बोलावलं होतं."

"तुम्हालाही?" लँग्रिजबाईंचा चेहरा बदलला. तिथे काहीतरी बंद झालं, ते मला रस्त्यापलीकडून दिसलं. "तुम्हाला आज काम होतं?"

"एका तासाचं."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"मग मी काय समजायचं? तुमच्या शेजाऱ्यांना काम हवं होतं, ते आत गेले. तुम्हाला नको होतं, तुम्ही बाहेर राहिलात."

मी आयुष्यात पाण्याचे बरेच तडाखे पाहिलेत. बांध फुटतो तेव्हा मोठा आवाज होईल असं वाटतं, पण तसं नसतं. एक जागा मऊ होते आणि पाणी तिथून आत येतं, शांतपणे. एव्हरिल तशी उभी होती. काय बोलणार? तिच्याजवळ बोलायला काही ठेवलंच नव्हतं त्यांनी. जी माणसं तिचं म्हणणं होती, ती पांढऱ्या टोप्या घालून आत कोबी सोलत होती.

"दहापर्यंत थांबा," ती पुन्हा म्हणाली.

"पावणेदहाला मला दुसरीकडे पोहोचायचंय. खरंच माफ करा."

त्या आत गेल्या. फीत कापली असेल, फोटो काढले असतील. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना भरगच्च माणसं, हात चालताहेत. साडेनऊला गाडी निघून गेली. जाताना बाईंनी काचेतून हात केला, मला की चराला, कोण जाणे.

एव्हरिल जागची हलली नाही.

दहाला माणसं बाहेर आली. कोट काढलेले, हात लाल. गेटमधून बाहेर पडली आणि तिला तिथे उभी पाहून थबकली. मग जे झालं त्याची मला जास्त चीड आली. रासाने पिशवीतून कात्री काढली आणि ती एव्हरिलच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून केस कापणारी गेली. मग वेल्डर, मग बियरवाला रिकामा ग्लास घेऊन. त्यांनी वस्तू बरोबर आणल्या होत्या! सगळा तास त्या पिशव्यांमध्ये ठेवून काम केलं होतं. एक एक करून रांग झाली, रस्त्याच्या कडेने, अगदी ठरल्यासारखी. सुंदर रांग. आणि समोर मी आणि चर.

एव्हरिलने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आता कुणाला दाखवताय?" ती म्हणाली. "बदकांना?"

रासाने कात्री खाली केली.

डंकन गेटमध्ये आला. "मिसेस ड्रूरी, आज नाही म्हणालात. तुमचं नाव काढावं लागेल मला. मेसेज येणार नाही आता."

"मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मेसेज येणार नाही."

"म्हणजे मला काम नाही."

"तसं समजा हवं तर."

"समजा कशाला? तूच म्हण."

डंकन वैतागला. "तुम्हाला काम नाही. झालं?"

"झालं," एव्हरिल म्हणाली. "अख्ख्या गावात मला एकटीला कुणीतरी खरं सांगितलं." मग ती रांगेकडे वळली. तिच्या आवाजात माया नव्हती, आणि तशी दाखवायची गरजही तिला वाटली नाही. "एवढ्याने भागत नाही म्हणे. ती मोजणीवाली सांगत होती. नुसतं काम नसून चालत नाही, शोधायलाही निघावं लागतं, तेव्हा कुठे बेकार म्हणून धरतात. तर मी निघते. बस आता बंद होईल. तुम्ही ती बंद केलीत, तासाभरात. शहरात त्या निवासात राहायला माळ्यावर एखादी खोली आहे का विचारते. नसली तर दुसरीकडे बघेन."

"चालत?" रासा म्हणाली. "एव्हरिल, लांब आहे खूप."

"म्हणून तर बस हवी होती ना, पोरी."

क्लाइव्ह रांगेत नव्हता. तो गेटच्या आत, खांबापाशी उभा होता, रिकाम्या हातांनी. एव्हरिल त्याच्यासमोरून जाताना थांबली.

"किल्ली तुझ्याकडे आहेच," ती म्हणाली. "मांजराला खायला घाल. त्याला मेसेज करायची गरज नाही, ते रोज येतं."

"एव्ही, वेडेपणा करू नको. घरी चल."

"कशाला? तू असतोस का तिथे?"

ती रस्ता सोडून बांधावर चढली. शहराकडे जायला बांधावरून सरळ पडतं. चराच्या कडेने ती चालू लागली. वारा समोरून होता, कोटाची टोकं मागे उडत होती, आणि ती वाकली नव्हती. आमच्याकडे जमीन इतकी सपाट आहे की गेलेला माणूस लवकर जात नाही. बराच वेळ दिसत राहतो, आधी माणूस म्हणून, मग काठीसारखा, मग नुसता एक काळा ठिपका.

रांग आधीच मोडली होती. कुणाच्या तरी खिशात फोन वाजला आणि सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. डंकनने गेट लावलं. क्लाइव्ह आतल्या बाजूला राहिला, पाठ करून.

शेवटपर्यंत पाहत होतो ते आम्ही दोघंच, मी पंपघराच्या पायरीवरून आणि रासा रस्त्यात उभी राहून.